फळीवरचा माणूस

“मामा, खरं सांगा. किती केले?”

“दहा.”

“दहाच?”

“तू दहा सांगितलेस, मी दहा केले. तेवढं मोजायला येतं मला.”

मी घरात चटईवर उताणा पडलो होतो, गुडघे वर करून. खोटं बोलताना आढ्याकडं बघायची सोय होती. पण माझी बायको कस्तुरी गॅसपाशी चहाचं आधण ठेवत होती, आणि माझं काही पोटात ठेवायची त्या बाईला कधीच सवय नव्हती.

“दीडशे केलेत त्यांनी,” ती म्हणाली. “पहाटे उठून. मी अंथरुणात पडल्या पडल्या मोजलेत. वर दहा किलोचं पोतं घेऊन बैठका मारल्यात, त्या येगळ्या.”

शबाना माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं कपाळाला हात लावला.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी भुपाल मगदूम, तेव्हा पंचेचाळीसचा होतो. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायचो. बावीस वर्षं वाहिली होती. फाल्गुनात एक दिवस पोतं पाठीवर घेताना कमरेत काहीतरी पेटलं आणि मी तिथंच वाकडा झालो. फोटो काढले, गोळ्या खाल्ल्या, पट्टा बांधला. एकानं सांगितलं फळीवर झोपा, झोपलो. एकानं सांगितलं वाकू नका, वाकायचं सोडलं. चार महिने पडून राहिलो आणि पडून पडून आणखीच लाकूड झालो.

मग शबाना आली. यार्डातल्या मुल्ला तोलाराची ही मुलगी. बाप आयुष्यभर काट्यावर उभा राहून पोती तोलायचा, मुलगी व्यायामानं दुखणं बरं करायचं शिकून आली. हमालांच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी पाच वाजता, कंबरदुखीवाल्यांचा वर्ग चालवायची. फुकट. पहिल्या दिवशी आम्ही नऊ बाप्ये ताडपत्रीवर लोळत होतो, पाण्यात म्हशी पडतात तसे. मशीन नाही, मालीश नाही, मंत्र नाही. ती म्हणाली, “मी काही करणार नाही. करायचं तुम्ही. दुखतंय म्हणजे मोडलंय असं नाही.” मी मनात म्हटलं, पोरीला अजून पोतं कशाशी खातात ठाऊक नाही.

पण तीन आठवड्यांत मी वाकून चपला घालायला लागलो. पाचव्या आठवड्यात तिनं भुसा नि खडे भरून दिलेलं वीस किलोचं पोतं मी उचललं. तिथंच माझं डोकं फिरलं.

आमची वाढ तालमीतली. तिथं दहा जोर मारून कोणी उठला तर वस्ताद विचारायचे, “का रं, ताप आलाय काय?” दहा हा आकडाच आम्हाला आजारी माणसाचा वाटतो. दहानं एवढा फरक पडला तर शंभरानं किती पडेल, हा माझा हिशोब. तिनं दिलेला व्यायाम वर्गात मी दहा वेळा करायचो आणि पहाटे घरी दीडशे वेळा. शेवटी त्या दिवशी संडासातून उठता येईना. कस्तुरीनं नि शेजारच्या दोघांनी उचलून आणलं आणि शबानाला बोलावलं.

“मोडलं काय गं?” मी विचारलं. घाबरलो होतो, लपवण्यात अर्थ नाही.

शबानानं पाय उचलून बघितले, अंगठे दाबले, टाचेवर उभं करून बघितलं. मग म्हणाली, “मोडलं नाही. भडकलंय. तुम्हीच भडकवलंय. आता ऐका. झोपून राहायचं नाही. दर तासाला पाच मिनिटं चालायचं, गल्लीच्या टोकापर्यंत. व्यायाम पाच. दहासुद्धा नाही, पाच. मामीनं मोजायचे.”

“मोजते की,” कस्तुरी म्हणाली.

“परवा खंडेनवमी हाय,” मी म्हणालो.

 खंडेनवमी म्हणजे काय ते तोलाराच्या मुलीला सांगायला नको होतं.

आमच्या टोळीत आठ माणसं. खंडेनवमीला सकाळी आम्ही लोखंडी हूक, काटा, दोऱ्या धुऊन मांडायचो, झेंडू वाहायचो, नारळ फोडायचो, आणि त्याच दिवशी वर्षाची टोळी ठरायची. जो माणूस सहा महिन्यांहून जास्त घरी बसलाय त्यानं सगळ्यांसमोर पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवून दाखवायचं. चढवलं तर नाव राहिलं. नाही तर हमालीचा बिल्ला मुकादमाच्या हातात द्यायचा. यादीत अकरा जणं बिल्ल्याची वाट बघत होते. आणि एकदा गेलेला बिल्ला कुणाला परत मिळाल्याचं मी तरी बघितलं नव्हतं.

“परवा तीसचं उचला,” शबाना म्हणाली. “तेवढं तुम्हाला जमेल. दिवाळीला चाळीस, थंडीत पन्नास. मी लिहून देते. मुकादमांकडं मुदत मागा.”

“मागू?”

“हो. त्यात काय झालं?”

“आमच्यात मागत न्हाईत, पोरी.”

“नेमादादांनी मागितली हुती,” कस्तुरी तिकडून म्हणाली.

“त्याचं नाव काढू नगंस,” मी ओरडलो, आणि ओरडल्याची कळ थेट टाचेपर्यंत गेली.

नेमिनाथ हा माझा थोरला भाऊ. आमच्याच टोळीत होता. त्याच्या नऊ वर्षं आधी, साध्या एका मंगळवारी, पोतं पाठीवर द्यायला दोघं उभे असताना त्यानं हात खाली सोडले आणि मुकादमाला म्हणाला, “आण्णा, मला होत न्हाई. महिनाभर सुटी द्या.” पोतं घेतलंसुद्धा नाही. पडला नाही, रक्त आलं नाही, काही नाही. मुकादमानं तिथल्या तिथं बिल्ला मागितला आणि त्यानं काढून दिला. मी चार हातांवर उभा होतो. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्यानंतर दादा जैन बस्तीच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या, दारात लोकांच्या चपला सांभाळायला बसला. वाकायचा नाही. काठीला तारेचा आकडा बांधला होता, त्यानं चपला ओढायचा. मी बस्तीला मागच्या दारानं जायला लागलो.

असा मी माणूस. आणि मी मुदत मागायची.

दोन दिवस गल्ली तुडवली. शेजारीपाजारी खिडकीतून बघायचे. कस्तुरी घड्याळ घेऊन दारात उभी. पाच झाले की म्हणायची, “बास.” सहावा करू द्यायची नाही. “अगं एक,” मी म्हणायचो. “एकानं काय हुतंय?” “तेच तर. एकानं काय हुतंय, मग कशाला करताय?” बायकोशी वाद घालण्यापेक्षा पोतं उचलणं सोपं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोळीतला मारुती शेळके आला. दाराला कडी लावून हळूच म्हणाला, “बाजारातला एक डॉक्टर सुई देतोय. दोन तास कंबर हाय का न्हाई त्येच कळत न्हाई. उद्या सकाळी घेऊन येऊ?”

“आणि दोन तासांनी?”

“दोन तासांनी तुझं नाव लिवल्यालं असंल की.”

मी हो म्हणालो. खरं तेच सांगतो, हो म्हणालो. कस्तुरी ऐकत होती. तिनं मारुतीला चहासुद्धा विचारला नाही, आणि ती अशी वागते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

सकाळी मी उठलो ते कुणाचा हात न धरता. आंघोळीची बादली स्वतः उचलली. दुखत होतं, पण दोन दिवसांपूर्वीचं ते दुखणं नव्हतं, जरा ओळखीचं झालं होतं. मारुती डॉक्टरला घेऊन दारात आला तेव्हा मी म्हणालो, “चहा घ्या आणि जावा.” का म्हणालो, ते मला आजही धड सांगता येत नाही. सुई घेऊन उभा राहिलो असतो तर कंबर कुठवर साथ देतेय ते मला कळलं नसतं, आणि गेल्या दोन महिन्यांत मला तेवढंच शिकवलं गेलं होतं. शबानाची चिठ्ठी खिशात घालून मी यार्डात गेलो.

सगळे धुतलेले सदरे घालून उभे होते. ट्रकला हार, हुकांना गंध. फळी लावलेली, पायथ्याशी पन्नासचं पोतं. मुकादम गणपा बंडगर, आम्ही आण्णा म्हणायचो, अठ्ठावन्न वर्षांचा, मानेला पोत्यांनी घट्टा पडलेला. टोळीतला कुणीही आण्णांपेक्षा जास्त फेऱ्या मारत नव्हता. त्या माणसाला मी कधी खाली बसलेला बघितला नव्हता. जेवायचासुद्धा उभ्यानं.

“ये भुपाल,” आण्णा म्हणाले. “नारळ मग फोडू. आदी तुझं.”

“आण्णा, एक बोलायचं हाय.”

“बोलणं फळीवरनं उतरल्यावर.”

“आजच्याला मी तीसचं उचलतो. दिवाळीला चाळीस. थंडीत पन्नास. मुल्लांच्या मुलीनं लिहून दिलंय.”

मी चिठ्ठी पुढं केली. कोणी घेतली नाही. मागं कोणीतरी हसलं. 

“तीस,” आण्णा म्हणाले. “अडते तुझ्यासाठी येगळी पोती भरणार व्हय? छोटी छोटी? पोरांना खेळायला देत्यात तसली?”

आता सगळेच हसले. मारुतीसुद्धा.

“मी मुदत मागतोय, आण्णा. फुकट मागत न्हाई.”

“तुझ्या भावानंबी मागितली हुती. एकाला दिली की दुसरा मागतोय. मग टोळी कशाला, दवाखाना काढू.” आण्णांनी मुंडाशाचा पदर खोचला. “माझं वय किती? अठ्ठावन्न. बघ आता. बघ आणि मग बिल्ला ठेव.”

ते फळीपाशी गेले आणि पाठ वाकवून उभे राहिले. दोघांनी पोतं पाठीवर दिलं. आण्णा चढायला लागले.

एक पाऊल. दोन. तीन. चौथ्याला थांबले.

सगळ्यांना वाटलं, मला दाखवायला थांबलेत. कोणीतरी “वा आण्णा” म्हणालं. पण मी दोन महिने इतर आठ कंबरदुखीवाल्यांसोबत ताडपत्रीवर काढले होते. दुखणारा माणूस श्वास कसा धरतो, जबडा कसा आवळतो, बोटं कशी पांढरी होतात, हे आता मला लांबून कळत होतं. आण्णांचा श्वास बंद होता. डावा पाय हलत नव्हता. फळीवर पाठीवर ओझं असताना मागं वळता येत नाही, आणि पुढं जायला त्यांच्याकडं पाय नव्हता.

आमच्यात एक रीत आहे. पोतं पाठीवर द्यायला हात लावायचा, पण एकदा ते पाठीवर बसलं की त्या माणसाला नि त्याच्या पोत्याला कोणी शिवायचं नाही. शिवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. म्हणून सगळे हाताची घडी घालून बघत उभे होते. मला एकट्यालाच माहीत होतं की हा माणूस आता पोत्यासकट फळीवरून खाली येणार.

आणि मी हललो नाही.

लगेच हललो असं आजवर सगळ्यांना सांगत आलोय. नाही हललो. पड, असं वाटलं मला. सगळ्यांदेखत पड. दादाचा बिल्ला घेतलास, आता माझा मागतोस, पड एकदा आणि बघ कसं वाटतंय. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. मग आण्णांची नजर माझ्यावर आली. मान वळवता येत नव्हती, नुसते डोळे वळले. त्यात दरारा नव्हता की राग नव्हता. संडासात अडकलो तेव्हा मी कस्तुरीकडं तसंच बघितलं असणार.

मी फळीवर चढलो.

“ए, काय करतोस,” कोणीतरी ओरडलं.

“मारुत्या, वर ये,” मी म्हणालो. “दुसऱ्या बाजूनं धर. ये म्हणतोय ना, रीत खड्ड्यात गेली.”

मी पोत्याखाली खांदा दिला. गुडघ्यातून वाकायचं, ओझं अंगाजवळ धरायचं, श्वास सोडत उचलायचं, सगळं शबानानं घोकून घेतलेलं. कमरेतून कळ आली. आली तर आली. मारुती ट्रकवर चढून पलीकडून आला आणि दोघांनी ते पोतं फळीवर टेकवलं. मग मी आण्णांना कमरेला धरून एकेक पाऊल खाली आणलं.

सगळे भोवती जमा झाले. कोणी म्हणालं तेल आणा, कोणी म्हणालं पाय ओढा. मी म्हणालो, “हात लावू नका. श्वास घेऊ द्या.” आण्णांना ट्रकच्या सावलीला नेलं, उताणं झोपवलं, गुडघे वर केले. टोळीला म्हणालो, तुम्ही नारळाचं बघा. ते लांब झाले.

“कुणाला सांगू नगंस,” आण्णा पुटपुटले. “पाय घसरला म्हन.”

“कधीपासनं हाय?”

त्यांनी तोंड पलीकडं वळवलं.

“आण्णा, किती वर्सं?”

“तुझ्या भावाच्या आदीपासनं.”

त्यांना पाणी द्यायला उचललेला तांब्या मी खाली ठेवला.

“मग त्याचा बिल्ला का घेतलास?” आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं.

आण्णांनी डोळे मिटले. “नेमाला सुटी दिली असती तर सगळ्यांनी आपापल्या कमरेकडं बघितलं असतं. पयला नंबर माझा लागला असता. मी खाली बसत न्हाई, ते का, कधी इच्यारलंस? बसलो की उठता येत न्हाई.”

त्यांचा गळा धरावा असं वाटलं. आणि त्यांच्या पाठीखाली घडी घालून दिलेलं माझं उपरणं होतं.

मारुती तेवढ्यात आला. “आण्णास्नी काय झालं? घसरलं व्हय?”

आण्णा माझ्याकडं बघत होते. एवढंच बोलायचं होतं, ‘हो, घसरले.’ माझं नाव त्याच दिवशी पक्कं झालं असतं, पन्नास न उचलता. आण्णांनी जन्मभर उपकार मानले असते.

“न्हाई घसरले,” मी मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “कंबर गेलीय त्यांची. माझ्यासारखीच. दहा वर्सं झाली.”

 मला वाटलं, आण्णा शिवी देतील. ते कोपरावर उठायचा प्रयत्न करत होते. उठता आलं नाही, तेव्हा पडूनच म्हणाले, “व्हय. खरं हाय.”

नारळ हातात घेतलेल्या माणसानं नारळ खाली ठेवला.  शेवटी मारुतीनं विचारलं, “मग आता टोळीचं काय?”

“भुपालचं नाव लिवा,” आण्णा म्हणाले. “दिवाळीपतुर त्यो काट्यावर उभा ऱ्हाईल, पोत्यांची तोंडं शिवील.”

“आणि तुमी?”

आण्णांनी फळीकडं बघितलं. “मीबी,” ते म्हणाले. “शिवायला दोन माणसं लागत्यात.”

त्या दिवशी मी घरी गेलो नाही. यार्डातून सरळ बस्तीला गेलो, पुढच्या दारानं. सणाची गर्दी होती. दादा पायरीला टेकून बसला होता, कमरेला तोच जुना पट्टा, हातात आकड्याची काठी. त्यानं चपला आधी बघितल्या आणि मग मला. नऊ वर्षांत त्याच्या भुवयासुद्धा पिकल्या होत्या.

“वाट चुकलास?” त्यानं विचारलं.

मी शेजारी बसलो. बसताना मलाही हात टेकावा लागला, ते त्यानं बघितलं. सकाळचं सगळं सांगितलं. फळी, पोतं, आण्णा, आणि आण्णा काय म्हणाले ते. दादा काठीनं एक चप्पल दुसरीजवळ सरकवत राहिला.

“आण्णाची कंबर तवापासनं दुखतीया?” तो म्हणाला.

“तुझ्या आदीपासनं.”

“मग त्यो उचलत कसा हुता?”

“दुखत असतानाच.”

दादाची काठी थांबली.

“मीबी तसाच उचलत हुतो रं, भुपाल,” तो म्हणाला. “सात वर्सं. तुला कुटं कळलं? एक दिवस खरं बोललो, तेवढंच.”

त्या मंगळवारी मी चार हातांवर उभा होतो. चार पावलं टाकून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो असतो तर बास होतं. मी मान खाली घातली होती आणि नऊ वर्षं मागचं दार धरलं होतं, आणि एवढा वेळ मला वाटत होतं की नाक माझं कापलं गेलंय. मी त्याचे पाय धरले आणि मला रडू फुटलं. मोठ्यानं, तालमीतल्या माणसाला शोभणार नाही असं. नव्या लुगड्यातल्या बायका, पोरंबाळं, यार्डातले दोघंतिघं, सगळे चपला हातात घेऊन थांबले.

“ऊठ,” दादा म्हणाला.  “ऊठ रं. लोक बघत्यात.”

“बघू देत,” मी म्हणालो.